मायकेनचा स्टोव्ह आणि क्लबाचं निशाण

सांदहाम्राच्या होडी-क्लबात सभेला "नाही" म्हणायची पद्धत नाही. अध्यक्ष विचारतो, "मान्य आहे?" सगळे म्हणतात, "हो." अध्यक्ष लाकडी हातोडी आपटतो आणि मंडळी दालचिनीच्या पावांकडे वळतात. हातोडी पडण्याआधी "कुणाचा विरोध?" असंही तो विचारतो, पण ते जेवण उरकल्यावर यजमानाने "अजून एक घ्या ना" म्हणावं तसं. कुणी खरंच ताट पुढे केलं तर पातेलं रिकामं असतं.

मार्चच्या सभेत मायकेन सेलिनने ताट पुढे केलं.

"आहे," ती मागच्या बाकावरून म्हणाली. "माझा विरोध आहे."

हातोडी हवेतच थांबली. अध्यक्ष एवर्ट हा चाळीस वर्षं गावात टपाल वाटून निवृत्त झालेला माणूस. कुत्रं पोटरीला लटकलेलं असतानाही पत्र पेटीत टाकून "शुभ दिन" म्हणणारा. त्याने आधी हातोडीकडे पाहिलं, मग मायकेनकडे, आणि मग सचिव गुन-ब्रिटकडे, जणू या प्रसंगी काय करतात ते तिच्या पर्समध्ये असावं.

"अगं मायकेन, कॉफी झाल्यावर बोलूया ना यावर."

"कॉफी झाल्यावर ठराव झालेला असतो."

"हा ठराव तुझ्याविरुद्ध नाही गं. सगळ्यांच्या सुरक्षिततेसाठी आहे."

"धक्क्याला लागणाऱ्या होड्यांवर स्पिरिटचा स्टोव्ह नको, असा ठराव. सबंध क्लबात स्पिरिटचा स्टोव्ह एकच, तो माझ्या होडीवर. मग हा ठराव काय कुरव पक्ष्यांविरुद्ध आहे?"

ठरावाला कारण होतं, नाही असं नाही. मागच्या उन्हाळ्यात पाहुण्यांच्या धक्क्यावर दक्षिणेकडच्या एका गृहस्थाच्या होडीत असलाच स्टोव्ह भडकला, ताडपत्री गेली, आणि गृहस्थ कॉफीची किटली हातात धरून समुद्रात उडी मारते झाले. किटली वाचली. पण गावाने धसका घेतला, आणि आमच्याकडे धसक्याचा ठराव व्हायला एकच हिवाळा लागतो.

प्रकरण तापलं की पुढे ढकलायचं, ही मात्र आमची जुनी आणि चांगली रीत. एवर्टने तेच केलं. जूनमधल्या मिडसमरच्या सणाच्या दिवशी, सगळे धक्क्यावर जमतात तेव्हा, मायकेनने स्टोव्ह पेटवून दाखवावा. पास झाला तर ठराव मागे. नाही तर स्टोव्ह उतरवायचा किंवा धक्क्यावरची जागा सोडायची. ही जागा म्हणजे काय चीज आहे? तिच्यासाठीची रांग इतकी लांब की लोक बारशाच्या आधी पोराचं नाव तिच्यात घालतात. एकाहत्तराव्या वर्षी ती सुटली की समुद्रच सुटला.

"मान्य आहे?" एवर्टने विचारलं.

"हो," सगळे म्हणाले. गुन-ब्रिटने "हो" म्हटलं नाही, तिने श्वास आत ओढला. इथे उत्तरेकडे होकार असाच देतात: ओठांचा चंबू करून हवा आत ओढायची, सुप्. शब्द वाया जात नाही आणि थंडीत दातही उघडे पडत नाहीत. गुन-ब्रिटचं सगळं आयुष्य या सुप्वर गेलं. नवऱ्याने मागणी घातली तेव्हाही तिने एवढंच केलं होतं, आणि त्याला वाटलं हिला उचकी लागली.

*

मायकेनला विरोध काही म्हातारपणी सुचला नव्हता. ग्रोशेर बेटावर हेरिंग पकडणाऱ्या बापाच्या घरी ती जन्मली. बापाचा नियम असा की पोरींनी होडीत बसायचं, सुकाणूला हात लावायचा नाही. नवव्या वर्षी ती बापाची होडी घेऊन एकटी गावात आली आणि परत गेली. बापाने मुस्कटात दिली आणि दुसऱ्या दिवसापासून सुकाणू तिच्या हातात दिलं, कारण त्याची पाठ दुखत होती आणि पोरगी त्याच्यापेक्षा बरी चालवत होती.

पुढे ती शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. दर गुरुवारी वाटाण्याचं सूप, देशभर, कायद्याने असावं तसं. पोराला एकच पळी, असा वरून हुकूम आला तेव्हा तिने बाजारातून मोठी पळी आणली. मधेच कोळशाच्या जहाजावरून एक खलाशी आला, तिच्या हातचं सूप जेवला, आणि त्याच जहाजाने गेला. मुलगी झाली, ओसा. गावाला दहा वर्षं विषय पुरला. मायकेन मुलीला हेरिंगच्या खोक्यात उशी घालून होडीवर न्यायची आणि धक्क्यावरून जाताना प्रत्येकाला आपणहून "शुभ दिन" म्हणायची. लोकांना उत्तर द्यावंच लागायचं. गावाची तीच शिक्षा झाली.

होडी म्हणजे विपान, टिटवीचं नाव लावलेली, लाकडी, एका शिडाएवढ्या हिमतीची. ती तिने एका दातांच्या डॉक्टरच्या विधवेकडून घेतली. "स्वस्त का देताय?" असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, "त्या स्टोव्हमुळे. माझ्या नवऱ्याच्या दोन्ही भुवया त्यानेच घेतल्या."

"एकदम की एकेक करून?"

"एकेक."

"म्हणजे पहिलीनंतर शिकले नाहीत," मायकेन म्हणाली आणि होडी घेतली.

स्टोव्ह पितळी टाकीचा, दोन बर्नरचा. हवा भरायला पंप, बर्नरखाली वाटी. रॉकेलच्या स्टोव्हचाच हा थोरला, जरा लहरी भाऊ. फरक एवढा की याला काकडाही स्पिरिटचाच लागतो आणि पोटातही स्पिरिटच. आमच्या सरकारचा दारूच्या बाबतीत कुणावरही विश्वास नाही, म्हणून जाळायच्या स्पिरिटला रंग देऊन कडू करून विकतात. स्टोव्हच एक असा, जो तक्रार न करता पितो.

गेल्या वाढदिवसाला ओसाने आईला गॅसची शेगडी पाठवली. फोनवर म्हणाली, "आई, आता तरी."

"ओसा, गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर होडीच्या तळाशी जाऊन बसतो आणि वाट बघतो. स्पिरिट निदान समोरून अंगावर येतं. आणि पाण्याने विझतं. समुद्रात मला पाणी कमी आहे का?"

"पण आई, तो स्टोव्ह पन्नास वर्षांचा आहे."

"मी एकाहत्तरची आहे. मलाही उतरवायचं का?"

गॅसच्या शेगडीवर मायकेनने जिरॅनियमच्या कुंड्या ठेवल्या. दोन बर्नर, दोन कुंड्या. छान दिसायच्या.

*

पण जिद्द वेगळी आणि वायसर वेगळं. मार्चच्या सभेनंतर तिने होडीवरची ताडपत्री वर करून, बर्फात गुडघे रुतवत, स्टोव्ह काढून घरी आणला तेव्हा तिचंही तोंड उतरलं. पंपाचं चामड्याचं वायसर वाळून चुरमुरलेलं. चाव्यांच्या दांड्यांभोवती गळती थांबवायला गुंडाळलेली दोरी भुगा झालेली. एका बर्नरची भोकं काजळीने बुजलेली. दोन वर्षं तो जरा फुरफुरत होता आणि ती त्याला "म्हातारा झालास" म्हणून माफ करत होती.

"मेल्या," ती त्याला म्हणाली, "माझी अब्रू तुझ्या पोटात आहे."

घरात हे काम शक्य नव्हतं. फ्लॅट भाड्याचा, छताला धुराची घंटा, आणि खाली राहणाऱ्या बाईंचे कान त्या घंटेहून तिखट. मग उरली ती इमारतीच्या तळघरातली कपडे धुण्याची सामायिक खोली. दगडी फरशी, मधोमध मोरी, मोठे दगडी हौद, भिंतीत हवा खेचणारा पंखा. स्टोव्हसाठी देवाने बांधावी अशी.

धुलाईखोलीत प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. पाळी चुकवणं हे आमच्या इमारतीत चोरीपेक्षा वाईट समजतात. चोर निदान वेळेवर निघून जातो. पाळीनंतर दोरीवर कपडा राहिला तर त्याला दुसरा कुणी हात लावत नाही, पण बोलतो मात्र प्रत्येकजण. मायकेनने रीतसर आपल्या पाळ्या लावल्या आणि एप्रिलभर स्टोव्ह धुतला. नियमांत "काय धुवावं" हे कुठेच म्हटलेलं नव्हतं.

टाकी सोड्याच्या गरम पाण्याने खळखळून काढली. पितळ व्हिनेगर-मिठाने घासलं, तसा आतला पिवळा रंग सूर्यासारखा वर आला. बर्नरची भोकं एकेक करून पिनेने मोकळी केली, डोळ्याला भिंग लावून, पोराच्या केसातल्या उवा काढाव्या तशी. जुन्या स्की-बुटाच्या जिभेचं नवीन वायसर कापलं आणि तेलात भिजत ठेवलं. दांड्यांभोवती शिसपेन्सिलीसारखी काळी नवी दोरी गुंडाळली. शेवटी रिकामी टाकी हौदातल्या पाण्यात बुडवून सायकलच्या पंपाने हवा भरली आणि वर वाकून पाहत राहिली. झाकणाशी एक बुडबुडा आला. मग अजून एक. तिने झाकणाचं रबर बदललं, परत बुडवलं. पाणी आरशासारखं.

आता फक्त पेटवून बघायचं राहिलं. स्पिरिट तिने अंगणातच भरून आणलं होतं, नरसाळ्याने, टाकी थोडी रिकामी राखून. बाटली वर अंगणातच ठेवली. खोलीत पंखा लावला, कपडे धुण्याचं मशीन रिकामं कशाला म्हणून दोन चादरीही टाकल्या. सगळं रीतसर. फक्त तिच्यामागे दोरीवर एक कापड होतं.

ते क्लबाचं निशाण होतं. निळं, लोकरी, मधे पांढरा नांगर, जेवणाच्या टेबलाएवढं. एवर्टही याच इमारतीत राहायचा; अध्यक्ष या नात्याने त्याने ते सणासाठी आपल्या पाळीत धुतलं आणि दोरीवर विसरला. तीन दिवस ते तिथेच होतं. अख्ख्या इमारतीने ते पाहिलं होतं आणि कुणीही हात लावला नव्हता. त्याला टाचणीने एक चिठ्ठी तेवढी लटकत होती, निनावी: "हे कुणाचं आहे ते आम्हाला माहीत आहे."

मायकेननेही हात लावला नाही. तिने स्टोव्ह हौदाशेजारी ठेवला, हवा भरली, चावी जराशी उघडून वाटीत थोडं स्पिरिट येऊ दिलं, बंद केली, काडी लावली. आता या स्टोव्हचं सगळं शास्त्र एका शब्दात आहे, आणि तो शब्द म्हणजे थांब. वाटीतलं स्पिरिट जळून जळून संपत आलं आणि बर्नर चांगला तापला, की मगच चावी उघडायची. तापलेल्या बर्नरमधून स्पिरिट वाफ होऊन निघतं आणि निळं जळतं. थंड बर्नरमधून ते स्पिरिट म्हणूनच निघतं. डॉक्टरांच्या भुवया तशाच गेल्या.

मायकेनला हे पाठ होतं. पण तिने वर पाहिलं आणि दाराच्या काचेपलीकडे एवर्ट दिसला, कपड्यांची टोपली घेऊन. त्याची पाळी चारची. भिंतीवरच्या घड्याळात चाराला थोडा अवकाश होता. अजून स्टोव्ह विझवायचा, निववायचा, फरशी पुसायची, मशीनच्या फिल्टरमधला कापूस काढायचा. बापाला, कायद्याला आणि गावाला न घाबरलेली बाई धुलाईखोलीच्या घड्याळाला घाबरली. तिने चावी उघडली.

भप्प करून पिवळी ज्वाळा उठली, हातभर, मग दोन हात. मायकेन मागे सरली. ज्वाळेने नांगराचं खालचं टोक चाटलं आणि कापड पेटलं, चिठ्ठीसकट.

काचेपलीकडे एवर्टचं तोंड उघडलं. त्याचा हात दाराकडे गेला. मग तो थांबला, आणि त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

मायकेनने आधी चावी बंद केली. मग मशीनचं दार उघडून ओली चादर ओढली आणि स्टोव्हवर टाकली, दुसरी निशाणावर. चर्रर्र झालं. वाफ, जळक्या लोकरीचा वास, आणि शांतता. मग तिने फरशी पुसली. फिल्टरमधला कापूस काढला. चादरी पिळून बादलीत घातल्या. निशाण जसं होतं तसं, म्हणजे जेवढं उरलं होतं तेवढं, दोरीवर सरळ केलं. चारला तिने दार उघडलं.

"माझी पाळी," एवर्ट म्हणाला. त्याचा चेहरा दुधासारखा झाला होता.

"तुझीच. फिल्टर साफ केलाय."

"आभारी आहे."

तो आत गेला. ती बाहेर आली. एवढंच संभाषण.

यानंतर दोघं दुकानात दुधाच्या फळीपाशी भेटायची. "थंडी आहे," तो म्हणायचा. "आहे," ती म्हणायची. स्टोव्ह भडकला हे सांगितलं तर ती संपली. पण ते सांगायचं तर एवर्टला हेही सांगावं लागलं असतं की आपण दाराबाहेर उभं राहून पाहत होतो, आणि निशाण तीन दिवस दोरीवर विसरलं होतं. दोघांनी एकमेकांना घट्ट धरून ठेवलं होतं, बर्फात अडकलेल्या दोन होड्यांसारखं. मेमध्ये होड्या पाण्यात उतरल्या तरी हा बर्फ हलला नाही.

मायकेनला त्याहून एक गोष्ट डाचत होती. चूक कुणाची? तिने रात्रीचं जेवण ढकलून स्टोव्ह पुन्हा पुन्हा तपासला. वायसर ठीक, दोरी ठीक, भोकं मोकळी. स्टोव्हचं काहीच चुकलं नव्हतं. हे कळल्यावर तिला बरं वाटलं आणि भयंकर राग आला.

*

मिडसमरच्या दिवशी ऊन असं होतं की पाण्याकडे पाहवत नव्हतं. धक्क्याच्या वरच्या माळावर सणाचा खांब पानाफुलांनी मढवून आडवा ठेवला होता. टेबलांवर शेपू घातलेले नवे बटाटे, मुरवलेलं हेरिंग, स्ट्रॉबेऱ्या. बायकापुरुषांच्या डोक्यावर फुलांच्या माळा. एवर्टच्या डोक्यावर नातींनी नेचाच्या पानांची एवढी मोठी माळ चढवली होती की तो उठून दिसण्याऐवजी उगवून आल्यासारखा दिसत होता.

त्याने निशाण चढवलं. जळका भाग त्याने दोरीत गुंडाळून बांधला होता, पण वाऱ्याला क्लबाच्या अध्यक्षाची पर्वा नव्हती. निशाण फडकलं, गाठ सुटली, आणि नांगराखाली एक मोठं काळ्या काठाचं भोक सगळ्या गावावर उघडलं. त्यातून आभाळ छान दिसत होतं.

"अगबाई," गुन-ब्रिट म्हणाली. "उंदीर?"

"जुनं झालंय," एवर्ट म्हणाला. "कापड जुनं झालं की असं होतं."

मायकेन विपानवर उभी होती. सगळ्यांना दिसावा म्हणून स्टोव्ह तिने मागच्या उघड्या भागात, लोखंडी ताटात मांडला होता. शेजारी पाण्याची बादली, बादलीत भिजवलेला टॉवेल. तिला फक्त गप्प राहायचं होतं. स्टोव्ह दुरुस्त होता, ती पेटवणार होती, तो पेटणार होता.

"जुनं नाही झालेलं," ती मोठ्याने म्हणाली. "मी जाळलंय."

धक्क्यावर बटाटे चावायचे थांबले.

"धुलाईखोलीत. या स्टोव्हने. बर्नर तापायच्या आत चावी उघडली."

एवर्टच्या चेहऱ्यावर आधी भीती आली, मग हळूहळू सुटका. "मग," तो म्हणाला, "प्रश्नच मिटला ना. तूच सांगतेस, भडकला म्हणून."

"मी चावी लवकर का उघडली ते विचार."

"का?"

"चार वाजत आले होते."

धक्क्यावरून एक कण्हल्यासारखा आवाज गेला. कारण सगळ्यांना पटलं. तिथला प्रत्येक माणूस चार वाजायच्या भीतीने कधी ना कधी ओले मोजे घालून हिंडला होता.

"आणि एवर्ट दाराबाहेर होता. त्याने आग पाहिली. आत आला नाही."

"माझी पाळी नव्हती!" एवर्ट ओरडला.

हेही सगळ्यांना पटलं. माना हलल्या. गाव पेचात पडलं.

"नव्हती ना," मायकेन म्हणाली. "मग निशाण तीन दिवस दोरीवर होतं ते कुणाच्या पाळीत?"

आता मात्र माना हलल्या नाहीत. त्या एकदम एवर्टकडे वळल्या. आगीचं सोडा, पण दोरीवर तीन दिवस! मागून कुणीतरी हलकेच म्हणालं, "आम्हाला माहीत होतं," आणि चिठ्ठी कुणाची होती तेही त्या दिवशी गावाला कळलं.

एवर्ट माळेखाली लाल झाला. "तू पेटव," तो म्हणाला. "लवकर पेटव. खांब उभारायची वेळ होतेय. सगळं गाव खोळंबलंय."

"खोळंबू दे," मायकेन म्हणाली.

तिने हवा भरली. वाटीत स्पिरिट सोडलं, चावी बंद केली, काडी लावली. आणि हाताची घडी घालून बसली.

आमच्याकडे जूनमध्ये अंधार नावाची वस्तू मिळत नाही. स्पिरिटची ज्योत अंधाऱ्या खोलीत निळी दिसते, पण अशा उन्हात काहीच दिसत नाही. धक्क्यावरचे लोक बघत राहिले. एक पितळी डबा, आणि त्याच्यासमोर बसलेली एक म्हातारी.

"विझला," कुणीतरी म्हणालं.

"पेटलाच नाही," दुसरं म्हणालं.

एवर्टने घड्याळ पाहिलं. "अगं, विझलाय तो. वाटीत अजून थोडं स्पिरिट घाल आणि दुसरी काडी लाव. असं ताटकळत किती वेळ?" आणि बघायला तो काठावरून वाकला, नेचाच्या माळेसकट.

"डोकं मागे घे, एवर्ट!"

"काही नाहीये तिथे."

पण त्याच्या कपाळावर लोंबणारं नेचाचं पान आपोआप वळलं, तपकिरी झालं आणि आखडून बसलं. एवर्ट असा मागे उडाला की गुन-ब्रिटच्या स्ट्रॉबेऱ्या सांडल्या.

मायकेनने सुरीच्या टोकावर चिमूटभर मीठ घेतलं आणि वाटीच्या वर धरलं. हवेतून एकाएकी नारिंगी-पिवळी ज्वाळा उगवली, तळहाताएवढी, शांतपणे डोलणारी. मघापासून ती तिथेच होती.

सबंध धक्क्याने एकदम श्वास आत ओढला. सुप्.

"गुन-ब्रिट," मायकेन म्हणाली, "सगळे हो म्हणाले. लिहून घे."

हशा पिकला, पण ती हसली नाही. ती थांबली. माळावरचा अकॉर्डियनवाला दोनदा सूर लावून गप्प झाला. बटाटे निवले. एक बाळ रडून झोपलं. एवर्टने घड्याळाकडे पाहिलं, मग मायकेनकडे, मग घड्याळाला बाहीखाली ढकललं. वाटीतली ज्योत लहान होत होत मिठाच्या कणाएवढी झाली. मायकेनने चावी उघडली.

फुस्स झालं आणि मग अखंड, बारीक, समाधानी सूं सुरू झाला. भडका नाही, थेंब नाही. ती किटली चढवून मागे रेलली. पाणी उकळलं, कॉफी उकळली, चोथा खाली बसला. पहिला कप तिने काठावरून एवर्टच्या हातात दिला. त्याने फुंकून एक घोट घेतला, मग दुसरा.

"चांगली आहे," शेवटी तो म्हणाला, अगदी टपाल हरवल्याची कबुली द्यावी तसं. मग त्याने हातोडी मागवली. ती क्लबात राहिली होती, म्हणून त्याने बटाट्यांचा डाव उचलला. "सभासदहो. मायकेनचं वय आणि तिचा अनुभव लक्षात घेता, तिच्या स्टोव्हला खास बाब म्हणून परवानगी द्यावी आणि बाकी ठराव कायम ठेवावा, असं मी सुचवतो. मान्य आहे?"

"हो!" सगळ्यांना भूक लागली होती.

"कुणाचा विरोध?"

"आहे," मायकेन म्हणाली.

एवर्टचा डाव खाली आला. "अगं बाई! तुझाच स्टोव्ह मंजूर करतोय!"

"खास बाब नको मला. मी काय खास आहे? मी घाई केली तेव्हा भडकला, थांबले तेव्हा पेटला. ज्याला थांबता येतं त्याला ठेवू दे, ज्याला येत नाही त्याला तुम्ही गॅस दिलात तरी तो समुद्रात उडी मारेल. ठराव मागे घ्यायचं ठरलं होतं. मागे घ्या. नाहीतर मी जागा सोडते, आणि रांगेतल्या पहिल्या पोराला जाऊन तुम्हीच सांगा की ती कशी मिळाली."

तिने खरंच दोरीच्या गाठीवर हात ठेवला होता, आणि ती सोडेल हे ओळखणारे तिथे निदान पन्नास लोक होते, वाटाण्याचं सूप तिच्या मोठ्या पळीने प्यालेले.

तेव्हा गुन-ब्रिट उठली. तिला विरोध करायचा होता, पण श्वास आत ओढून विरोध करता येत नाही. हवा बाहेर सोडावी लागते. तिने दोनदा तोंड उघडलं, मिटलं, लाल झाली.

"नाही," ती म्हणाली. स्वतःचा आवाज ऐकून तिला तो इतका आवडला की तिने परत म्हटलं, "नाही! खास बाब नाही. ठराव मागे."

"गुन-ब्रिट, तूसुद्धा?" तिचा नवरा म्हणाला. त्याने हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला होता, आणि घरी गेल्यावर तो अजून किती वेळा ऐकावा लागेल याचा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता.

मग मागून अजून एक "नाही" आलं, आणि एक. एवर्टने डाव टेबलावर आपटला. "ठराव मागे! बटाटे!" मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "मायकेन, निशाण तेवढं शिवून देशील?"

"दोरीवर विसरलास तू. शीव तूच."

लोक माळाकडे धावले. दहा-बारा जणांनी काठ्यांच्या कैच्या लावून खांब उचलला, अर्धा, आणि थांबले. आमच्याकडे एक जरी माणूस यायचा असला तर खांब पुरा उभा करत नाहीत. एवर्टने वरून हात केला.

"मायकेन! ये की! वेळ झाली! हात भरून आले लोकांचे!"

मायकेनने किटली उतरवली, चावी बंद केली, टाकीतली हवा सोडली. मग ओलं बोट बर्नरला लावून पाहिलं. चर्र झालं.

"गरम आहे अजून," ती ओरडली. "गरम स्टोव्ह सोडून जायचं नसतं!"

आणि तिने स्वतःसाठी दुसरा कप ओतला. वर अख्खं गाव अर्धा उचललेला खांब तोलून उभं होतं. ती फुंकर घालून सावकाश घोट घेत राहिली, आणि अधूनमधून बोट ओलं करून बर्नरला लावत राहिली.